तुमच्या सॉफ्टवेअरला नेमकं कोणतं टेस्टिंग हवं?

आमच्या कोटेशनमध्ये टेस्टिंगचा खर्च वेगळा दाखवलेला असतो. तो पाहून ग्राहक विचारतात, हे लागतंच का? आणि लागत असेल, तर सगळं ऑटोमेशननेच का करत नाही?

मॅन्युअल टेस्टिंगमध्ये आमचा टेस्टर तुमच्या गिऱ्हाइकासारखा सॉफ्टवेअर वापरून बघतो. ऑटोमेटेड टेस्टिंगमध्ये तपासणीचा कोड एकदा लिहून ठेवतात आणि प्रत्येक बदलानंतर तो पुन्हा चालवतात. सुरुवातीचा खर्च जास्त, पण नंतर तीच तपासणी कितीही वेळा करता येते. चूक झाली तर तुमचं नुकसान कुठे होईल, हे पाहून या दोन्हींचं प्रमाण ठरवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हिशेब आला की ऑटोमेशन हवंच. हॉटेलचं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे ७,५०० च्या खोलीवर कर ३७५ रुपये आणि ७,५०१ च्या खोलीवर १,३५० रुपये १८ पैसे. प्रोग्रॅममध्ये ‘पेक्षा कमी’ आणि ‘पर्यंत’ यांत गल्लत झाली, तर बरोबर ७,५०० च्या खोलीचंच बिल चुकतं; ६,००० आणि ९,००० टाकून पाहणाऱ्याला सगळं ठीकच दिसतं. म्हणून आम्ही ७,४९९, ७,५०० आणि ७,५०१ असे सीमेवरचे आकडे तपासतो. ८,००० ची खोली दहा टक्के सवलतीत ७,२०० ला दिली, तर कर ५ टक्क्यांनीच लागतो का, हेही बघतो. उद्या दर बदलले की फक्त आकडे बदलायचे, तपासणी तीच राहते.

शेवटची उरलेली खोली दोघांनी एकाच क्षणी बुक केली तर काय होतं, हेही हाताने नीट तपासता येत नाही. नाताळाच्या गर्दीत याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो. त्यासाठी एकाच वेळी अनेक बुकिंग पाठवणारी चाचणी लिहावी लागते.

पण अनुभवी माणसाला जे सुचतं, ते कोडला आपणहून सुचत नाही. डिसोझा, डिमेलो ही आडनावं इंग्रजीत लिहिताना ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी येते. निष्काळजीपणे लिहिलेला फॉर्म ते चिन्ह नाकारतो किंवा तिथेच कोसळतो. गोव्यात असं सॉफ्टवेअर द्यायचं म्हणजे अर्ध्या गावाला दारात अडवण्यासारखं आहे. परदेशी पाहुण्याकडे भारतीय नंबर नसेल तर ओटीपी कुठे जाणार? पावसात नेट गेलं, यूपीआयने पैसे कापले गेले, पण बुकिंग झालंच नाही, तर पाहुण्याला स्क्रीनवर काय दिसतं? हे आधी माणसाने शोधायचं असतं. सापडलेली चूक पुन्हा येऊ नये म्हणून मग त्यावर ऑटोमेटेड चाचणी लिहायची.

स्क्रीनची मांडणी अजून दर आठवड्याला बदलत असेल, तर तिथे ऑटोमेशनवर पैसे घालू नका. बटण हललं की चाचणी मोडते आणि ती दुरुस्त करण्यातच तुमचं बजेट संपतं. छोट्या दुकानाच्या माहितीपर वेबसाइटला तर दोन-तीन फोनांवर नीट केलेली मॅन्युअल तपासणी पुरते. जास्त काही आम्ही सुचवत नाही.

पहिल्या भेटीला येताना मागच्या सीझनची काही खरी बिलं, रद्द झालेली बुकिंग आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी सोबत आणा. नावं आणि फोन नंबर खोडून आणलेत तरी चालेल. काय तपासायचं याची यादी आपण त्यावरूनच करू.