ड्यूररचा जेरोम आणि छताला टांगलेला भोपळा : पार्श्वभूमी

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या ‘अभ्यासिकेतील संत जेरोम’ या १५१४ मधील ताम्रपट-मुद्राचित्राविषयी लिहिताना सिंह, कवटी आणि वाळूचे घड्याळ यांचा उल्लेख हमखास होतो. छताच्या तुळईखाली, अगदी पुढे टांगलेला भलाथोरला भोपळा मात्र पुष्कळदा सजावट समजून सोडून दिला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते चित्रातील सर्वांत बोलकी वस्तू तीच आहे.

चौथ्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेम येथे राहून जेरोमने हिब्रू बायबल थेट लॅटिनमध्ये आणले. त्यातील योनाच्या ग्रंथात या संदेष्ट्यावर सावली धरणाऱ्या झाडासाठी ‘किकायोन’ असा हिब्रू शब्द आहे. ग्रीक भाषांतरात आणि त्यावरून झालेल्या जुन्या लॅटिन पाठात त्या जागी भोपळा होता. जेरोमने तेथे ‘हेदेरा’, म्हणजे आयव्हीचा वेल, घातला. ४०३ मध्ये उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीनने त्याला पत्राने कळवले की, ओएया (आजचे त्रिपोली) येथे एका बिशपाने हा नवा पाठ वाचताच मंडळींनी एवढा गलका केला की, अनुयायी गमावण्याच्या भीतीने त्याला शब्द मागे घ्यावा लागला. जेरोमने उत्तरात त्या झाडाचे जे वर्णन केले, रुंद पानांचे आणि आधाराशिवाय स्वतःच्या खोडावर उभे राहणारे, ते आपल्या बांधावरच्या एरंडाला चपखल लागू पडते, आणि आज बहुतेक अभ्यासक किकायोन म्हणजे एरंडच मानतात. मूळ शब्द तसाच ठेवला असता तर कोणालाच कळला नसता, म्हणून आधीच्या काही भाषांतरकारांच्या मागे जाऊन आपण हेदेरा लिहिले, असा त्याचा खुलासा होता. थोडक्यात, भोपळा आणि आयव्ही दोन्ही चूक, आणि हे जेरोमला पुरते ठाऊक होते.

ड्यूररचा भोपळा याच वादाकडे बोट दाखवतो, असे मत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडले गेले. ते सर्वमान्य नाही. पण मूळ भाषांतील पाठ तपासण्याचा ध्यास घेतलेल्या त्या पिढीत, जेव्हा जेरोमच्या समग्र ग्रंथांची नवी आवृत्ती १५१६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे निघाली, ते मुळीच ओढूनताणून आणलेले वाटत नाही. भिंतीवरची कार्डिनलची, म्हणजे वरिष्ठ कॅथलिक धर्माधिकाऱ्याची, टोपी त्या मानाने निव्वळ कालविपर्यास होय, कारण लाल टोपीची प्रथा तेराव्या शतकातली. सिंहाच्या पंजातला काटा काढल्याची जेरोमची कथाही मूळची गेरासिमस या दुसऱ्याच संताची.

ड्यूररने जेरोम अनेकदा काढला. त्याचा १४९२ मधील लाकडी ठशाचा जेरोम बाझललाच छापला गेला होता. १५१४ च्या चित्रात मात्र कोरणीच्या बारीक रेघांनी त्याने खिडकीच्या गोल काचांची सावली भिंतीवर अशी उतरवली की, सोळाव्या शतकातच एका इटालियन चरित्रकाराने तिची तोंडभरून स्तुती केली. १५२०-२१ च्या नेदरलँड्स प्रवासात ड्यूररने या चित्राच्या छापील प्रती भेट दिल्या आणि विकल्याही, बहुधा ‘मेलेन्कोलिया’ या आपल्याच दुसऱ्या मुद्राचित्राच्या जोडीने. रोजनिशीत तो त्याला साधेपणाने ‘घरातला जेरोम’ म्हणतो.