साठ सेंटिमीटरवरचा पडदा

दुकानात मॉनिटरची ओळख इंचांनी करून दिली जाते, आणि हे इंच मोजले जातात ते पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे कर्णावर. कर्णाचा आकडा एकटाच हाती असेल तर त्यावरून फारसे काही कळत नाही. २७ इंची १६:९ (म्हणजे रुंदी १६ भाग, तर उंची ९ भाग), ३४ इंची २१:९ आणि ४९ इंची ३२:९ असे तीन पडदे एका रांगेत उभे केले, तर तिघांचीही उंची जवळजवळ सारखीच, साधारण साडेतेहतीस सेंटिमीटर, भरते. वाढते ती केवळ रुंदी: अनुक्रमे ६०, ८० आणि १२० सेंटिमीटर. म्हणजे ४९ इंची पडदा हा दोन २७ इंची पडदे मधली चौकट काढून शेजारी शेजारी बसवल्यासारखाच असतो. याच्या उलट, जुना ४:३ प्रमाणाचा आणि आजचा १६:९ प्रमाणाचा पडदा यांचा कर्ण सारखा असेल, तर नव्याचे क्षेत्रफळ सुमारे ११ टक्क्यांनी कमी भरते. कर्ण तोच ठेवून आयत लांबट करत गेले की त्याचे क्षेत्रफळ घटते, ही शाळेतलीच भूमिती आहे.

१६:९ हे प्रमाण मुळात संगणकासाठी ठरलेले नाही. १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्याने ते दूरचित्रवाणीसाठी सुचवले, कारण जुना ४:३ चा पडदा आणि चित्रपटगृहातील २.३५:१ चा पडदा या दोन्ही टोकांमधला तो सोयीचा मध्य होता. मजकूर मात्र वरून खाली वाचला जातो, त्यामुळे रुंद पडद्याचा खरा उपयोग एक पान मोठे करून पाहण्यापेक्षा दोन पाने शेजारी ठेवण्यात आहे. ए-४ कागदाची उंची २९.७ सेंटिमीटर असते. २४ इंची पडद्यावर हे पान मूळ आकारात जेमतेम मावते आणि वरच्या पट्ट्यांना जागाच उरत नाही. २७ इंची पडद्यावर ते पट्ट्यांसह बसते, शेजारी दुसरेही बसते. घरून काम करणाऱ्यांना एवढा पडदा बहुधा पुरतो, असे माझे मत आहे.

त्याहून रुंद घ्यायचा की नाही, हे इंचांवरून ठरवण्यापेक्षा डोळ्याशी होणाऱ्या कोनावरून ठरवणे बरे. टेबलाशी बसल्यावर डोळा आणि पडदा यांच्यात साधारण हातभर, म्हणजे ६० सेंटिमीटर अंतर असते असे धरू. या अंतरावर २७ इंची पडदा डोळ्यापुढे सुमारे ५३ अंशांचा कोन व्यापतो, ३४ इंची ६७ अंशांचा, आणि ४९ इंची तब्बल ९० अंशांचा, म्हणजे भिंतीच्या कोपऱ्यात तोंड करून बसल्यावर दोन भिंती जेवढ्या पसरलेल्या असतात तेवढा. आपल्या डोळ्याला अगदी स्पष्ट दिसते ते केवळ मधल्या दोनेक अंशांत, आणि ६० सेंटिमीटरवर ते अंश पडद्याच्या जेमतेम दोन सेंटिमीटर भागाएवढे होतात. बाकी सगळे पाहण्यासाठी डोळा सतत फिरवावा लागतो. दोन्ही बाजूंना साधारण १५ ते २० अंशांपर्यंत हे काम डोळेच उरकतात, त्यापलीकडे मान वळू लागते. हिशेब केला तर मानेला त्रास न देता वाचता येणारा पट्टा सुमारे ३२ ते ४४ सेंटिमीटर रुंद निघतो, म्हणजे पुन्हा दोन ए-४ पानेच. ८० सेंटिमीटरच्या पडद्याचे उरलेले दोन्ही काठ अधूनमधून नजर टाकायच्या गोष्टींसाठी उत्तम आहेत, दिवसभर वाचण्यासाठी नाहीत.

रुंद पडदे वक्र का करतात, याचे उत्तर याच भूमितीत दडलेले आहे. ४९ इंची पडदा सपाट असता, तर त्याचा मध्य डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर आणि टोके ८५ सेंटिमीटरवर आली असती, शिवाय टोकाची अक्षरे ४५ अंशांनी तिरपी दिसली असती. पडदा आत वळवला की हा फरक कमी होतो. खोक्यावर १०००आर किंवा १८००आर असे लिहिलेले असते. तो आकडा म्हणजे ज्या वर्तुळाचा तो पडदा तुकडा आहे त्याची मिलिमीटरमधील त्रिज्या, त्यामुळे आकडा लहान तितका बाक जास्त. ३४ इंचांना सौम्य बाक चालतो, २७ इंचांना त्याची गरज मला वाटत नाही, आणि ज्यांना घराचे नकाशे किंवा सरळ रेषांची कामे करायची आहेत त्यांनी सपाटच घ्यावा.

खरेदीपूर्वीची एक चाचणी फुकट आहे. जुनी वर्तमानपत्रे चिकटवून ८० गुणिले साडेतेहतीस सेंटिमीटरचा कागद करावा, तो टेबलामागच्या भिंतीवर लावून दोन दिवस समोर बसावे. माझे टेबल ४५ सेंटिमीटर खोल आहे आणि पडद्याचा पाय त्यातले वीसेक सेंटिमीटर खातो, म्हणजे खऱ्या पडद्याशी माझे अंतर ६० नव्हे, ४० च्या आसपास राहिले असते. कागद तेवढा पुढे आणून धरताच ३४ इंचांचा विचार मावळला. किमतीचे म्हणाल, तर भारतात ३२ इंचांवर एक अदृश्य रेघ होती: जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्यांवर २८ टक्के जीएसटी लागत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पडद्यांचा करही १८ टक्क्यांवर आला.

आता ठिपक्यांकडे वळू, कारण मराठी वाचणाऱ्याने सर्वाधिक लक्ष इथेच द्यायला हवे. पडद्यावरील प्रत्येक अक्षर पिक्सेल म्हणजे ठिपक्यांनी बनते. २७ इंची पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके असतील तर एक ठिपका सुमारे ०.३१ मिलिमीटरचा होतो. २५६० गुणिले १४४० असतील तर ०.२३ चा, आणि ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ज्याला फोर-के म्हणतात, असतील तर ०.१६ चा. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे तपशील वेगळे ओळखता येतात, आणि ६० सेंटिमीटरवर हा भाग ०.१७ मिलिमीटर भरतो. म्हणजे पहिल्या पडद्याचे ठिपके उघड दिसतात, दुसऱ्याचे लक्ष दिल्यास जाणवतात, तिसऱ्याचे दिसत नाहीत.

इंग्रजी मजकुरात हा फरक खपून जातो. देवनागरीत मात्र ‘मूर्तींमध्ये’ हा एकच शब्द पाहा: शिरोरेषेच्या वर वेलांटी, तिच्यावर रफार, त्याला खेटून अनुस्वार, आणि खाली मू चा दीर्घ उकार. खालच्या उकारापासून वरच्या रफारापर्यंत हा शब्द चार मिलिमीटर उंचीत बसवायचा असेल, तर पहिल्या पडद्याकडे त्यासाठी जेमतेम १३ ठिपके असतात, दुसऱ्याकडे १७ आणि तिसऱ्याकडे सुमारे २६. तेरा ठिपक्यांत शिरोरेषेच्या वरच्या सगळ्या पसाऱ्याला दोन-चार ओळीच मिळतात, आणि रफार व अनुस्वार मिळून एक करडा डाग होतो. मुद्रिते तपासणाऱ्याला तो डाग दिवसभर डोळे बारीक करायला लावतो. ३४ इंची पडद्यात बहुधा ३४४० गुणिले १४४० ठिपके असतात, त्यामुळे त्याची घनता दुसऱ्या पडद्याएवढीच असते, हे रुंदीच्या मोहात विसरू नये.

स्वस्तात मोठा म्हणून ४३ इंची टीव्हीच टेबलावर ठेवण्याचा सल्ला अनेकजण देतात. बरेच टीव्ही रंगाची माहिती शेजारच्या चार ठिपक्यांमध्ये मिळून एकदाच दाखवतात. चित्रपटात ते कळत नाही, पण निळ्या पार्श्वभूमीवरची लाल अक्षरे कडेला फुटलेली दिसतात. सोफ्यावरून पाहण्याची वस्तू सोफ्यासमोरच बरी.

पडद्याच्या जातींबद्दल थोडक्यात सांगता येईल. आयपीएस पडद्यावर बाजूने पाहिले तरी रंग फारसे बदलत नाहीत, मात्र काळा रंग थोडा राखाडी दिसतो. व्हीए पडद्यावर काळा अधिक गडद असतो, पण गडद पार्श्वभूमीवरचा मजकूर सरकवताना मागे पुसट शेपूट राहते. ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहण्याचे सुख वेगळेच. तथापि तासन्‌तास एका जागी राहणाऱ्या खालच्या पट्टीचा ठसा कायमचा उमटण्याची भीती तिथे असते. लिहिण्यावाचण्यासाठी मी आयपीएस घेतला.

तो जोडल्यावर पहिल्याच दिवशी माउसचा बाण हाताच्या मागे अडखळत येऊ लागला. विक्रेत्याने फोनवर पडदाच सदोष असल्याचे सांगून टाकले; दोष माझ्या जुन्या लॅपटॉपच्या खाचेत होता. फोर-के पडद्यावर ८३ लाख ठिपके असतात, प्रत्येकाच्या रंगासाठी २४ बिट लागतात, आणि चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचे तर सेकंदाला सुमारे १२ अब्ज बिट तारेतून जावे लागतात. एचडीएमआय १.४ च्या खाचेतून चित्राची माहिती ८ अब्जांच्या थोडी वर जाऊ शकते, म्हणून संगणक गुपचूप ३० वेळांवर उतरतो. एचडीएमआय २.० मधून १४ अब्जांहून अधिक जातात आणि प्रश्न मिटतो. टाइप-सी खाचेबाबतही विचारून घ्यावे, कारण दिसायला सारख्या असल्या तरी सगळ्या खाचा चित्र वाहून नेत नाहीत.

उंचीचा नियम सर्वत्र एकच सांगितला जातो: पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. चाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्यांना तो नियम नडतो. या चष्म्यात जवळचे दिसण्याचा भाग भिंगाच्या तळाशी असतो, म्हणून पडद्याच्या वरच्या ओळी वाचताना हनुवटी वर जाते आणि संध्याकाळी मानेचा मागचा भाग दुखतो. अशांनी पडदा जमेल तितका खाली आणून मागे किंचित कलवावा, किंवा चष्मेवाल्याकडून ६० सेंटिमीटरसाठी वेगळा चष्मा करून घ्यावा. मी आधी नियमाप्रमाणे पडद्याखाली जाड लाकडी पाट ठेवला होता. आठवड्याभरात तो पुन्हा देवघरात गेला.