सराईत गुन्हेगार खटला निधी, कॅलिफोर्निया

वारंवार गंभीर गुन्हे करणाऱ्यांवर खटले चालवण्यासाठी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने जिल्हा सरकारी वकिलांच्या कार्यालयांना द्यावयाचे आर्थिक व तांत्रिक साहाय्य. तरतूद राज्य दंडसंहितेच्या कलम ९९९ बी ते ९९९ एच मध्ये आहे.

१९४५ साली जन्मलेल्या आणि फिलाडेल्फियात वाढलेल्या ९,९४५ मुलांच्या पोलीस नोंदींचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ६२७ जणांच्या नावावर निम्म्याहून अधिक गुन्हे निघाले. केंद्र सरकारने १९७५ पासून अशा आरोपींसाठी स्वतंत्र वकील-पथकांना अनुदान दिले. राज्याचा कार्यक्रम त्याच वाटेने आला.

निधीतून खरे तर वकिलाचा वेळ विकत घेतला जातो. एरवी मोठ्या कार्यालयात आरोपपत्र एक वकील दाखल करतो, प्राथमिक सुनावणी दुसरा पाहतो, खटला तिसरा चालवतो. साक्षीदाराला प्रत्येकापुढे तेच पुन्हा सांगावे लागते. येथे पहिल्या हजेरीपासून शिक्षा ठरेपर्यंत एकच अनुभवी वकील राहतो आणि त्याच्याकडची प्रकरणे बरीच कमी केली जातात. ती इतरांच्या टेबलावर जातात, म्हणून जादा पैशाशिवाय ही पद्धत टिकत नाही. अनुदान स्थानिक अंदाजपत्रकातील तरतुदीच्या बदली वापरण्यास मनाई आहे.

पात्रतेचे निकष काटेकोर आहेत. जबरी चोरी, घरफोडी, जाळपोळ, चोरीचा माल घेणे अशा ठरावीक गुन्ह्यांत अटक हवी. शिवाय तीन वेगवेगळ्या घटनांचे आरोप किंवा मागील १० वर्षांतील दोषसिद्धी हवी: कायद्यातील अतिगंभीर गुन्ह्यांच्या यादीतील एक, नाहीतर त्याहून सौम्य गुन्ह्यांच्या दुसऱ्या यादीतील दोन. राज्य तुरुंगातील काळ या १० वर्षांत धरत नाहीत. १२ वर्षांपूर्वी दोषी ठरून ४ वर्षे आत राहिलेल्याची जुनी दोषसिद्धी म्हणूनच मोजली जाते.

बदल्यात वकिलाचे हात बांधले जातात. जामिनाला विरोध करायचा, सर्व आरोपांवर दोषसिद्धी मागायची, कमाल शिक्षेचा आग्रह धरायचा. आरोप कमी करण्याची मुभा पुरावा अपुरा असल्यास, महत्त्वाच्या साक्षीदाराची साक्ष मिळत नसल्यास किंवा शिक्षेत विशेष फरक पडणार नसल्यासच मिळते. आरोपीला ‘सराईत’ ठरवले आहे, हे मात्र निवाडा करणाऱ्या ज्यूरीला कळू द्यायचे नाही.

जुनी दोषसिद्धी शाबित करण्यासाठी तुरुंगाच्या प्रमाणित नोंदी चालतात. त्यांतील बोटांचे ठसे व छायाचित्र आरोपीशी जुळवून पाहता येते. विरुद्ध पुरावा नसेल तर नाव जुळणेही पुरू शकते.