जॅझ व स्विंग अरेंजमेंटची निवड : शालेय बँड आणि कॉयर

एकाच जॅझ धुनेच्या डझनभर मांडण्या छापील मिळतात. अशा प्रत्येक मांडणीला अरेंजमेंट, आणि बँडवाल्यांच्या बोलीत ‘चार्ट’, म्हणतात. धून ओळखीची असली म्हणजे तिचा हाती आलेला चार्ट मुलांना झेपेलच असे नाही. निवड करणाऱ्याने मुख्य धुनेआधी दुसरा आल्टो सॅक्सोफोन, तिसरा ट्रम्पेट आणि कॉयरमधला आल्टो (मुलींचा खालचा आवाज) यांचे पार्ट, म्हणजे त्यांच्या वाट्याचे लिखित सूर, वाचावेत. चार्ट कोसळतो तो बहुधा तिथेच.

पूर्ण बिग बँडला सुमारे १७ वादक लागतात : ५ सॅक्सोफोन (२ आल्टो, २ टेनर, १ बॅरिटोन), ४ ट्रम्पेट, ४ ट्रोम्बोन आणि पियानो, गिटार, बास, ड्रम्स यांचा ऱ्हिदम सेक्शन. शाळेत इतकी मुले क्वचितच जमतात. म्हणून कोणते पार्ट वगळले तरी सुरावट शाबूत राहते, हे आधी पाहावे. मुलांसाठीच्या चार्टमध्ये चौथा ट्रम्पेट किंवा चौथा ट्रोम्बोन ‘ऐच्छिक’ असल्याची नोंद असते. ती नसेल आणि वादक कमी असतील, तर स्वरसंघातला (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटातला, म्हणजे कॉर्डमधला) नेमका तिसरा किंवा सातवा सूर गायब होतो आणि सगळे पोकळ वाजते.

पहिली कसोटी लीड ट्रम्पेटची, म्हणजे सर्वांत वरचे सूर वाजवणाऱ्या पहिल्या ट्रम्पेटची. नवशिक्यांसाठी स्वरलेखनातल्या पाच रेषांच्या लगेच वरचा ‘जी’ ही सुरक्षित हद्द. त्यावरच्या दुसऱ्या जादा रेषेवरचा ‘सी’ वारंवार येत असेल, तर तो चार्ट मोठ्यांचा समजावा. मूल तो सूर एकदा काढते. तिसऱ्या वेळी ओठ थकतात आणि सूर उतरतो. ट्रोम्बोनमध्ये सातव्या पोझिशनचे (सरकती नळी पूर्ण बाहेर काढून वाजणारे) सूर तपासावेत, कारण लहान मुलांचा हात तिथवर पोचत नाही.

स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, कागदावर पूर्ण उतरत नाही. ठोक्याचे दोन भाग सारखे लिहिलेले असतात, पण वाजवताना पहिला लांब आणि दुसरा आखूड होतो. मध्यम लयीत साधारण २ : १, म्हणजे तिस्र जातीतले पहिले दोन एकत्र करावेत तसे. लय वाढली की हे प्रमाण सपाट होत जाते. मिनिटाला १२० ते १५० ठोके ही शिकण्यास सोयीची लय. संथ चार्ट सोपा वाटतो, पण त्यात श्वास, सुरेलपणा आणि ठोक्यांमधली पोकळी, तिन्ही उघडी पडतात. छापलेले अचूक वाचणारी मुलेही स्विंग सरळ वाजवतात. त्यावर उपाय ऐकण्याचाच. गोव्याच्या पॅरिश (चर्चच्या) शाळांत स्वरलेखन शिकलेल्या वादकांनी मुंबईच्या हॉटेलांतले डान्स बँड भरले. त्यांच्यातले चिक चॉकलेट (अँतोनियो झेवियर वाझ) ट्रम्पेटवर जॅझ वाजवत ते काही वाचनाच्या जोरावरच नव्हे.

शैलीचाही विचार हवा. अमेरिकी जॅझ बँडप्रमुख काउंट बेसीच्या बँडच्या वळणाचे चार्ट छोट्या, पुनरावृत्त रिफवर (सुरांच्या तुकड्यांवर) उभे असतात; मुलांना ते लवकर साधतात. दुसरा अमेरिकी बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन आपल्या ठरावीक वादकांचा नाद डोळ्यांपुढे ठेवून लिहीत असे आणि वेगवेगळ्या सेक्शनचे सूर एका स्वरसंघात गुंफत असे. असे पार्ट अदलाबदल केले की रंगच जातो. एकल वादनासाठी लिहिलेला नमुना आणि स्वरसंघांची चिन्हे, दोन्ही छापलेला चार्ट उत्तम. १२ मात्राखंडांच्या ब्लूजवर सुरुवात करणे बरे. ड्रम्सच्या पार्टमध्ये नुसत्या तिरक्या रेघा (‘आपल्या मनाने ठेका धरा’ अशी खूण) असतील तर अननुभवी मूल गोंधळते. निदान राइड सिंबलचा (ठेका धरणाऱ्या मोठ्या झांजेचा) साचा आणि दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावरचा हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) लिहिलेला असावा.

कॉयरची अडचण वेगळी. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा चार आवाजांचा चार्ट मध्येच दुभंगून आठ आवाजांचा होत असेल, तर २० मुलांच्या कॉयरमध्ये एका पार्टला दोन-तीनच आवाज उरतात. जॅझच्या स्वरसंघांत शेजारचे दोन पार्ट अनेकदा एकाच सुराच्या अंतरावर असतात; आल्टो घसरून सोप्रानोच्या सुराला चिकटतो आणि स्वरसंघ बिघडतो. आवाज फुटत असलेल्या मुलग्यांचा पल्ला अरुंद असतो, त्यांना टेनर-बास वेगळे देण्यापेक्षा तीन आवाजांचा, मुलग्यांचा एकच पार्ट असलेला चार्ट घ्यावा. ‘डू’, ‘बा’, ‘डॉट’ अशी स्कॅटची (शब्दांऐवजी निरर्थक अक्षरांवर गाण्याची) अक्षरे लिहून दिलेली असावीत, नाहीतर प्रत्येकजण आपापली म्हणतो.

बँड आणि कॉयर एकत्र असतील तर स्वरपट्टी जुळवताना घात होतो. ट्रम्पेट व सॅक्सोफोनचे पार्ट गायकांपेक्षा वेगळ्या पट्टीत लिहिलेले असतात; गाण्याला ‘ई’ पट्टी सोयीची म्हणून धरली, की ट्रम्पेटला सहा आणि आल्टो सॅक्सोफोनला सात शार्प (चढवलेले सूर) वाचावे लागतात. अर्धा सूर खाली, ‘ई फ्लॅट’मध्ये आल्यावर ट्रम्पेटला एकच फ्लॅट (उतरवलेला सूर) उरतो आणि आल्टोला काहीच नाही, गायकांना हा फरक जेमतेम जाणवतो. गाणे चालू असताना पितळी वाद्ये सतत वाजणारा चार्ट टाळावा, शब्द बुडतात. पियानो, बास आणि ड्रम्स एवढीच साथ कॉयरला पुरते. या साथीचे पार्ट मात्र गायकांच्या प्रतींबरोबर येत नाहीत, बहुधा वेगळे विकत घ्यावे लागतात. मागणी नोंदवतानाच त्यांची चौकशी करावी.