मतदारयादीतले नाव आणि घरातला माणूस: भारतातील जनमत सर्वेक्षणांची पार्श्वभूमी

लोकसभेचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत तक्ते येऊ लागतात. तरुणांनी कोणाला मते दिली, शेतकऱ्यांनी कोणाला, शहरातल्या बायकांनी कोणाला. मत तर गुप्त असते आणि मतदान यंत्र कोणाची जात-वय विचारत नाही. मग हे आकडे येतात कुठून? त्यांतले भरवशाचे आकडे मतदान झाल्यावर आणि मतमोजणीआधी हजारो घरांत बसून घेतलेल्या मुलाखतींतून येतात. केंद्राबाहेर पडणाऱ्याला रस्त्यात गाठून विचारणारा एक्झिट पोल वेगळा. घरी जाऊन केलेल्या पाहणीत कोणाला विचारायचे हे आधीच ठरलेले असते, आणि या पाहण्यांच्या इतिहासातला सगळा झगडा त्या ‘कोणाला’भोवती आहे.

घरोघर जाऊन माहिती गोळा करण्याची रीत आपल्याकडे जनमत पाहणीपेक्षा जुनी आहे. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३६-३७ मध्ये पुणे शहराची पाहणी केली. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी सुरू झाली. तिच्यात १,८३३ गावे होती. प्रश्न खर्चाचे, जमिनीचे, कामधंद्याचे. त्यांची उत्तरे घरातला कर्ता माणूस देऊ शकतो. महिन्याला ज्वारी किती लागली हे सासूने सांगितले काय नि सुनेने सांगितले काय, आकडा फारसा हलत नाही. मताचे तसे नाही. सासऱ्याने सुनेच्या वतीने दिलेले उत्तर हे सासऱ्याचेच मत असते. म्हणून जनमत पाहणीला घरांची यादी पुरत नाही, माणसांची यादी लागते.

ती यादी प्रौढ मताधिकाराने दिली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदारांची नोंद झाली. एवढ्या मोठ्या, बहुतांशी निरक्षर देशात प्रत्येक प्रौढाचे नाव, वय आणि पत्ता गावनिहाय लिहिलेला असणे हा नमुना काढणाऱ्यासाठी, म्हणजे सगळ्यांऐवजी थोडी प्रातिनिधिक माणसे निवडणाऱ्यासाठी, ठेवाच होता. पण त्यात एक भोक पहिल्या दिवसापासून होते. अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी नोंद केली. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, आणि जवळपास २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या.

एरिक द कोस्टा यांच्या ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन’ने १९५० च्या दशकात दिल्लीतून जनमत चाचण्या सुरू केल्या. पुणे विद्यापीठातल्या व. म. सिरसीकरांनी १९६२ च्या निवडणुकीत पुण्याच्या मतदारांचा अभ्यास केला. महाराष्ट्रात मतदाराच्या वर्तनाकडे शास्त्रीय नजरेने पाहण्याचा तो सुरुवातीचा मोठा प्रयत्न. देशव्यापी काम उभे राहिले ते राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी १९६३ मध्ये दिल्लीत स्थापन केलेल्या ‘सेंटर फॉर द स्टडी ऑफ डेव्हलपिंग सोसायटीज’ (सीएसडीएस) या संशोधन संस्थेतून. या संस्थेची पहिली राष्ट्रीय निवडणूक पाहणी १९६७ ची, आणि तिच्या नमुन्यात फक्त पुरुष होते. यादीत स्त्रिया होत्या, मतदानही करत होत्या, तरी विचारले गेले पुरुषांना. त्या वर्षीचे आकडे आज ‘भारतीय मतदार’ म्हणून कोणी मांडले, तर ते अर्ध्या देशाचे आहेत हे लक्षात ठेवावे लागते. स्त्रिया १९७१ पासून नमुन्यात आल्या. १९८० नंतर मोठा खंड पडला. १९९६ पासून मात्र प्रत्येक लोकसभा निवडणुकीत ही पाहणी होत आली, आणि पुढे ती सीएसडीएसच्याच ‘लोकनीती’ या संशोधन उपक्रमाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पुण्याचे राज्यशास्त्रज्ञ सुहास पळशीकर लोकनीतीचे दीर्घकाळ सहसंचालक होते.

पद्धत कागदावर साधी आहे. मतदारसंघ चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडतात, पण जास्त मतदारांच्या मतदारसंघाला निवड होण्याची संधी त्याच प्रमाणात जास्त. मग त्यातली मतदान केंद्रे, मग केंद्राच्या यादीतली नावे. समजा, एका केंद्राच्या यादीत १,२०० नावे आहेत आणि २० हवी आहेत. १,२०० ला २० ने भागले की अंतर येते ६०. एक ते ६० मधला एक आकडा यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी उचलल्यासारखा, काढायचा, समजा ३७. मग ३७, ९७, १५७, २१७ असे साठ-साठ पुढे जायचे. ही निवड कार्यालयात होते. मुलाखत घेणाऱ्याच्या हाती नावे, वये आणि घर क्रमांक पडतात. निवडीत त्याचा हात नसतो, आणि तो नसावाच.

अडचण गावात सुरू होते. क्रमांक ९७ वारलेले असतात. १५७ ही मुलगी लग्न होऊन गेलेली, पण नाव अजून माहेरच्या यादीत. आणि त्याच घरात आलेल्या सुनेचे नाव यादीत चढलेलेच नसते. बीड जिल्ह्यात हिवाळ्यात गेलात तर ऊसतोडीला गेलेल्यांच्या दारांना कुलपे. शहरात सोसायटीचा वॉचमन फाटकावरच अडवतो. अशा वेळी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे शेजारच्या ओट्यावर बसलेल्या माणसाला विचारून फॉर्म भरणे. दुपारी ओट्यावर मोकळा सापडणारा माणूस बहुधा वयस्क पुरुष असतो, बोलका असतो, आणि गावाच्या राजकारणात त्याची बाजू ठरलेली असते. असे पाच जण बदलीला घेतले की त्या केंद्राचा नमुना वाया गेला. म्हणून चांगल्या पाहणीत गळती धरून आधीच जास्त नावे काढतात आणि संध्याकाळी पुन्हा त्याच दारात जातात.

माणूस सापडला तरी तो एकटा सापडत नाही. भोवती घरचे, शेजारचे, पोरेटोरे जमतात. मत कोणाला दिले, हा प्रश्न तिथे तोंडी विचारला तर सून सासऱ्याकडे पाहते. यावरचा उपाय नमुना मतपत्रिकेचा. पक्षांची चिन्हे छापलेला कागद उत्तरदात्याच्या हाती द्यायचा, मुलाखतकाराने मान वळवायची, तिने खूण करून घडी घालायची आणि सोबत आणलेल्या छोट्या पेटीत टाकायची. कागदावर मुलाखतीचा क्रमांक असतो, त्यामुळे बाकीच्या उत्तरांशी तो नंतर जोडता येतो. चिन्हे असल्याने वाचता न येणाऱ्यालाही अडचण नाही. या साऱ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही पेटी.

खाजगीपणाचा हाच प्रश्न मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सोडवावा लागला. नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे का, हा वृत्तीचा प्रश्न १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीत आला. २००५-०६ च्या फेरीपासून हिंसाचाराच्या अनुभवाचे प्रश्न घरातल्या एकाच निवडलेल्या स्त्रीला विचारतात, आणि एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून देतात. आकडा थोडा कमी पडला तरी चालेल, पण कोणाच्या समोर विचारायचे नाही.

‘सांगता येत नाही’ हे उत्तरही जपून हाताळावे लागते. लोकनीतीच्या प्रश्नावलीत तो पर्याय छापलेला असतो, पण वाचून दाखवत नाहीत. उत्तरदात्याने आपणहून म्हटले तरच नोंदवतात. वाचून दाखवला तर दमलेला माणूस तोच धरतो. न नोंदवता उत्तरासाठी रेटले, तर समोरच्याला बरे वाटेल ते मत तयार होते.

वाचकांची नजर सहसा नमुन्याच्या आकारावर जाते. १९९६ मध्ये ९,६१४ मुलाखती होत्या, २००४ मध्ये २७,१८९, २०२४ मध्ये १९,६६३. पण एका केंद्रावरचे २० जण एकाच वस्तीतले, पुष्कळदा एकाच जातीचे असतात. त्यांची मते एकमेकांसारखी असतात. हे साम्य मोजणारा सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच साम्य नाही, एक म्हणजे सगळ्यांचे मत सारखे) ०.०५ एवढा लहान असला, तरी तेवढ्याच अचूकतेसाठी १.९५ पट मुलाखती लागतात. म्हणजे २०,००० मुलाखतींची किंमत देशभरातून एकेकटी माणसे निवडून घेतलेल्या साधारण १०,००० मुलाखतींएवढीच. त्यामुळे प्रत्येक केंद्रावर जास्त लोक विचारण्यापेक्षा जास्त केंद्रे घेणे चांगले, पण प्रत्येक नवे केंद्र म्हणजे नवा प्रवास, मुक्काम आणि भत्ता.

मुलाखती संपल्यावर स्त्री-पुरुष, शहर-गाव, अनुसूचित जाती-जमाती, धर्म यांचे नमुन्यातले प्रमाण जनगणनेशी जुळवून भार देतात, म्हणजे नमुन्यात कमी आलेल्या गटाची उत्तरे जास्त वजनाने मोजतात. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे २०२४ च्या पाहणीलाही २०११ चेच आकडे वापरावे लागले. पुणे, ठाणे, नाशिकच्या कडेची जी गावे या तेरा वर्षांत शहरे झाली, ती त्या हिशेबात अजून गावेच आहेत.