हेपटायटिस-सी उपचारांचे दुष्परिणाम व त्यांचे व्यवस्थापन

हेपटायटिस-सी विषाणूमुळे यकृताला येणाऱ्या दीर्घकालीन सुजेवर जी औषधे दिली जातात, त्यांच्यामुळे होणारे त्रास आणि ते आटोक्यात ठेवून उपचार पूर्ण करण्याच्या पद्धती हा या नोंदीचा विषय आहे. हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. पुढची सुमारे पंचवीस वर्षे औषध लागू पडेल का, याच्या जोडीला ते रुग्णाला झेपेल का, हा प्रश्नही तितकाच कळीचा राहिला. विषाणूवर थेट काम करणाऱ्या गोळ्या आल्यावर परिस्थिती पालटली. परंतु जुन्या उपचारांची धास्ती काही घरांत अजून आहे आणि त्या भीतीने उपचार लांबणीवर टाकणे हे औषधाच्या कोणत्याही त्रासापेक्षा अधिक घातक ठरू शकते.

१९९० च्या दशकापासून इंटरफेरॉनची इंजेक्शने हा उपचाराचा कणा होता. त्याचे आठवड्यातून एकदाच घ्यावे लागणारे सुधारित रूप २००१ च्या सुमारास आले. विषाणूच्या भारतात सर्वाधिक आढळणाऱ्या तिसऱ्या जनुकीय प्रकारासाठी उपचार साधारण २४ आठवडे, तर पहिल्या प्रकारासाठी ४८ आठवडे चाले. विषाणूंशी लढताना शरीर जे प्रथिन स्वतः तयार करते, तेच येथे बाहेरून मोठ्या मात्रेत दिले जाई. त्यामुळे इंजेक्शननंतर काही तासांतच फ्लूसारखी थंडी वाजून ताप येई, अंग मोडून येई आणि डोके ठणके. नोकरी करणारे रुग्ण म्हणून शनिवारी रात्री इंजेक्शन घेत, म्हणजे त्रासाचा मुख्य भाग झोपेत आणि रविवारच्या विश्रांतीत निघून जाई. इंजेक्शनच्या आधी पॅरासिटामॉल घेणे, दिवसभरात त्याची एकूण मात्रा २ ग्रॅमच्या वर जाऊ न देणे, भरपूर पाणी पिणे आणि टोचण्याची जागा दर वेळी बदलणे, एवढ्यावर बहुतेकांचे निभावत असे. केस गळत, पण औषध थांबल्यावर ते पुन्हा येत. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि थायरॉइड यांच्या तपासण्या मात्र चुकवून चालत नसे.

इंटरफेरॉनचा खरा घाव मनावर होई. चिडचिड, रडू येणे, कशातच रस न वाटणे हे बदल इतक्या हळूहळू येत की रुग्णाला स्वतःला ते जाणवत नसत; जोडीदाराच्या किंवा आईवडिलांच्या ते आधी लक्षात येत. म्हणून रुग्णासोबत घरच्या माणसालाही तपासणीला बोलावून त्याचे म्हणणे ऐकण्याची पद्धत उपयोगी ठरली. गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने नैराश्यावरील औषधे सुरू केली जात, आणि आत्महत्येचे विचार येऊ लागल्यास इंटरफेरॉन थांबवावे लागे. या लक्षणांना स्वभावदोष समजून रुग्णाला बोल लावणे हा त्याच्यावर अन्यायच होता.

इंटरफेरॉनच्या जोडीने दिल्या जाणाऱ्या रिबाविरिनचा त्रास वेगळा होता. हे औषध तांबड्या पेशींमध्ये साठते आणि त्या अकाली फुटतात, त्यामुळे पहिल्या चार आठवड्यांत हिमोग्लोबिन झपाट्याने खाली येते. एक जिना चढताना धाप लागणे, उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, छातीत धडधडणे ही त्याची लक्षणे आहेत. हृदयविकार नसलेल्या रुग्णात हिमोग्लोबिन १० च्या खाली गेल्यास मात्रा कमी केली जाते आणि ८.५ च्या खाली गेल्यास औषध बंद केले जाते. हृदयरोग्यांच्या बाबतीत याहून लवकर सावध व्हावे लागते. रक्त कमी झाले की आपल्याकडे लोहाचे टॉनिक, खजूर आणि बीट सुरू होते, परंतु हा पांडुरोग लोहाच्या अभावाने झालेला नसल्याने त्यांचा उपयोग होत नाही. उलट आजारी यकृतात लोह साठण्याची भीती असते. कातडी कोरडी पडून खाज सुटते, तिच्यासाठी कोमट पाण्याची अंघोळ, सौम्य साबण आणि ओल्या अंगावर लावलेले तेल किंवा मलम यांनी आराम पडतो. गोळ्या जेवणासोबत घेतल्यास मळमळ कमी होते, आणि दुसरी मात्रा संध्याकाळी लवकर घेतल्यास झोप बरी लागते. रिबाविरिन गर्भाला घातक असल्यामुळे उपचार चालू असताना आणि त्यानंतर स्त्रियांनी नऊ महिने व पुरुषांनी सहा महिने गर्भधारणा कटाक्षाने टाळावी लागते. ज्यांच्या सिऱ्होसिसने (यकृत कायमचे व्रणमय व कठीण होण्याने) पोटात पाणी होण्यापर्यंत मजल मारली आहे, अशा रुग्णांना भारतात आजही हे औषध नव्या गोळ्यांच्या जोडीने दिले जाते.

विषाणूवर थेट काम करणाऱ्या नव्या गोळ्यांपैकी सोफोसबुविरला अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मान्यता मिळाली. पुढे डॅक्लाटासविर आणि वेल्पाटासविर ही जोड-औषधे आली आणि उपचार बहुतेक रुग्णांसाठी रोज तोंडाने घ्यायच्या गोळ्या व १२ आठवडे इतका सुटसुटीत झाला. डोकेदुखी, थकवा, मळमळ आणि क्वचित निद्रानाश एवढीच त्याची नेहमीची गाऱ्हाणी आहेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ६२४ रुग्णांना सोफोसबुविर-वेल्पाटासविर आणि ११६ जणांना औषधविरहित गोळी देण्यात आली होती. डोकेदुखी अनुक्रमे २९ व २८ टक्क्यांना झाली, तर थकव्याचे प्रमाण दोन्हीकडे २० टक्के होते. म्हणजे गोळीच्या माथी मारला जाणारा बराचसा त्रास मूळ आजाराचा किंवा काळजीचा असतो. तो खोटा नसतो आणि त्यावर पुरेसे पाणी, वेळेवर जेवण, हलके चालणे व दुपारची थोडी विश्रांती हेच उपाय करावेत. गोळी मात्र सोडू नये. एखादी गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवताच घ्यावी, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. सोफोसबुविर-वेल्पाटासविरची गोळी घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती पुन्हा घ्यावी लागते.

नव्या उपचारातला धोका गोळ्यांपेक्षा त्यांच्याबरोबर पोटात जाणाऱ्या इतर औषधांत अधिक आहे. हृदयाचे ठोके नियमित ठेवणाऱ्या ॲमिओडॅरोनबरोबर सोफोसबुविर घेतल्यास नाडी जिवावर बेतेल इतकी मंदावू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये तसा इशारा दिला. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फिटवरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांमुळे विषाणूरोधक औषधाची रक्तातील पातळी घटते. आपल्याकडे क्षयाचे प्रमाण पाहता ही गोष्ट प्रत्येक रुग्णाला विचारलीच पाहिजे. डॉक्टरांना सहसा सांगितलीच जात नाही ती ॲसिडिटीची गोळी, कारण ती औषध आहे असे कोणाला वाटत नाही. पण पोटातील आम्ल कमी झाले की वेल्पाटासविर नीट शोषले जात नाही. पित्तशामक पातळ औषध त्याच्यापासून चार तासांच्या अंतराने घ्यावे, आणि ओमेप्राझोलसारखी गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. विषाणू हटू लागल्यावर मधुमेही रुग्णांची साखर सुधारते. त्यामुळे इन्सुलिनची जुनीच मात्रा चालू ठेवल्यास साखर एकदम उतरून घाम व थरथर येऊ शकते.

काविळीवरची झाडपाल्याची औषधेही याच यादीत येतात. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. उपचाराच्या तीन महिन्यांत असे काही घेतल्यास यकृताची चाचणी बिघडली ती कशाने, हेही कळेनासे होते. मद्यपान तर पूर्णपणे वर्ज्यच आहे.

हेपटायटिस-बीचा संसर्गही असलेल्या व्यक्तीत सी विषाणू हटताच बी उसळून येऊ शकतो, म्हणून उपचारापूर्वी बीची चाचणी आवश्यक असते. भारतात २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासण्या व औषधे मोफत मिळतात. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातील विषाणूच्या प्रमाणाची, चाचणी करतात. त्यात विषाणू न आढळल्यास रुग्ण बरा झाला असे मानतात. सिऱ्होसिस झालेल्यांना मात्र त्यानंतरही यकृताच्या कर्करोगावर लक्ष ठेवण्यासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी लागते.