कोब्रा प्रतिकृती

कोब्रा प्रतिकृती : एसी कोब्रा या १९६०च्या दशकातील उघड्या, दोन आसनी क्रीडामोटारीबरहुकूम नव्याने बांधलेली गाडी. मूळ गाड्या जेमतेम हजाराच्या घरात निघाल्या. प्रतिकृती त्याच्या कित्येक पट आहेत. त्यामुळे आज रस्त्यावर कोब्रा दिसली, तर ती बहुधा प्रतिकृतीच असते.

मूळ कोब्रा हीच मुळात जोडाजोड होती. इंग्लंडच्या टेम्स डिटन येथील एसी कार्स ही कंपनी ‘एस’ नावाची हलकी गाडी बनवत असे. १९५९ची ल मां ही फ्रान्समधील चोवीस तासांची शर्यत जिंकलेल्या संघातला अमेरिकी चालक कॅरल शेल्बी याने १९६२मध्ये तिच्यात फोर्डचे व्ही-८ (इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात आठ सिलिंडर असलेले) इंजिन बसवायला लावले : आधी ४.२ लिटर, मग ४.७ आणि १९६५मध्ये ७ लिटर. प्रतिकृतीला ‘नकली’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे विसरू नये. नळ्यांची चासी, अॅल्युमिनियमऐवजी फायबरची बॉडी आणि जुन्या गाडीतून काढलेले भाग, ही प्रतिकृतीची घडण. ब्रिटनच्या डॅक्सने जॅग्वारचे भाग वापरले, अमेरिकेच्या फॅक्टरी फाइव्हने मस्टँगचे. अनेक मालक सुट्या भागांचा संच आणून घरच्या गॅरेजातच ती जोडतात.

चालवण्याचा अनुभव दारापासून सुरू होतो. बाहेरून मूठ नाही. आत हात घालून कडी ओढावी लागते. बसल्यावर इंजिनाची धग पावलांपाशी येते. मागचा आस पाठीच्या अगदी जवळ आणि दोन्ही आसांतले अंतर जेमतेम २.३ मीटर, म्हणून मागची चाके घसरू लागली की ते डोळ्यांआधी बैठकीला कळते. साध्या बांधणीच्या गाडीत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, चाके गरगर फिरू नयेत म्हणून आवरणारी यंत्रणा नाही, पॉवर स्टिअरिंगही बहुधा नाही. गाडी पार्क करताना हात भरून येतात. ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला, तरी गाडी मागून घसरून रस्त्यात आडवी होऊ शकते. पाय हळुवार ठेवणे चालकाला स्वतःच शिकावे लागते. काच बुटकी असल्याने वारा वळसा घालून मागून मानेवर येतो, सोबतच्याशी बोलणे खुंटते. ताशी ८० किमी. वेगही बेफाम वाटतो, आणि खरी मजा त्यातच आहे. उतरताना बाजूच्या तापलेल्या सायलेन्सरला पोटरी टेकली की चटका बसतो. शौकीन त्याला ‘स्नेक बाइट’, म्हणजे सर्पदंश, म्हणतात.

काही मालक पॉवर स्टिअरिंग, वातानुकूलन वगैरे बसवून घेतात. त्यात गैर काही नाही, पण हा रांगडेपणा जे बसवलेले नाही त्यातून येतो. प्रत्येक सोयीबरोबर तो थोडा उणावतो. उलट चांगले ब्रेक आणि आधुनिक टायर यांनी काही बिघडत नाही. सुरुवातीच्या मूळ गाड्यांना पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या, त्यांच्यापेक्षा बऱ्याच प्रतिकृती वळणावर अधिक शहाण्या वागतात.

मूळ गाड्यांपैकी पहिली, ‘सीएसएक्स २०००’ या चासी क्रमांकाची, २०१६मध्ये १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना लिलावात गेली. एवढ्या मोलाची वस्तू पावसात कोण काढणार? ते काम प्रतिकृतीच करते. ब्रिटनमध्ये जिचे वय किंवा मूळ ठरवता येत नाही, अशा जोडगाडीच्या नंबराची सुरुवात ‘क्यू’ने होते.